तांबोशी कोणाच्या हातची

आमच्या घरी कोणी बाहेर निघालं की "कुठं चाललात?" असं विचारायचं नाही. विचारलंच, तर अपशकुन झाला. मग निघालेल्या माणसाने परत उंबऱ्याच्या आत यायचं, चपला काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि नव्याने निघायचं. हा कायदा माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या आधी तो त्यांच्या वडिलांचा होता, आणि रायगडच्या किनाऱ्यावर मासे मारायला जाणाऱ्या जुन्या माणसांपैकी बहुतेकांचा. अगदीच राहवलं नाही तर "लांब का?" एवढं म्हणावं. मी नर्स आहे, मला यातलं काही पटत नाही. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आता माझी जीभही त्या शब्दाला वळत नाही.

असा माणूस सौदीत आणायचा म्हणजे काय, याचा विचार ना मी केला ना माझ्या नवऱ्याने. इथे सलाम झाला, तब्येत विचारून झाली, की पुढचा प्रश्न "वेन?" म्हणजे कुठं. इथे ती माया आहे. आमच्या अब्बांना ती माया चालत नाही.

आम्ही राहतो किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. फॉर्मवर लिहिताना रकाना संपतो पण गावाचं नाव संपत नाही, म्हणून आम्ही नुसतं सिटी म्हणतो. नवरा बंदरात क्रेनच्या विभागात, मी एका दवाखान्यात, आणि लेक इंडियन शाळेत. मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत सॉरी म्हणते. दोघींचंही समाधान होतं. आदल्या वर्षी अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. अब्बा खाडीकाठच्या घरात एकटे उरले. फोन केला की म्हणायचे, "जेवलो." काय जेवलात विचारलं की फोन कट. शेजारणीकडून कळलं, चहा-बिस्किटावर दिवस काढतायत. मग आम्ही फॅमिली व्हिजिटचा व्हिसा काढला आणि त्यांना घेऊन आलो. ते आले, पण परतीचं तिकीट आधी हातात घेऊन आले. बॅगेत कपडे थोडे, सुकट भरपूर, आणि लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली गरीची, म्हणजे गळाची, दोरी.

आल्यावर अब्बा जेवायला लागले. पहिल्या आठवड्यात मी केलेल्या प्रत्येक कालवणाला नाव ठेवलं आणि प्रत्येक कालवण दोनदा वाढून घेतलं. माझ्या नवऱ्याला विनोद कळायला वेळ लागतो. मी दुपारी काही बोलले तर तो रात्री हसतो. अब्बा तिथल्या तिथे हसायचे. दवाखान्यातून घरी येताना मला घाई व्हायला लागली, कोणाला तरी दिवसभरातली गंमत सांगायची आहे म्हणून. खोटं कशाला बोलू, मला ते हवे होते. माझे वडील गेले तेव्हा मी इथे ड्युटीवर होते. पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. हे दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून एक दिवस चहा देताना मी सरळ म्हटलं, "अब्बा, तिकीट फाडून टाका. इथेच राहा."

ते म्हणाले, "राहीन की."

मी हुरळले. सासरा इतक्या सहज ऐकतो म्हणजे पुढे काहीतरी आहे, हे मला कळायला हवं होतं.

"या दर्याचा मासा माझ्या हाताला लागला पाहिजे," ते म्हणाले. "माझी दोरी, माझा हात. लागला तर राहीन. नाही लागला तर तिकिटाच्या दिवशी मी आपला विमानात. ज्या दर्याला मी ओळखीचा नाही, त्याच्या काठावर बसून काय करू गो?"

"जबान?" मी विचारलं.

"जबान," ते म्हणाले, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. समोर अख्खा लाल समुद्र पडलाय. बाई गं, काय ती माझी अक्कल!

पहिल्या शुक्रवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजनंतर आम्ही निघालो. अब्बांनी दोरी घेतली, टोपी घातली. इमारतीच्या दाराशी वॉचमन बसतो, पेशावरकडचा, अतिशय अदबीचा माणूस. उठून उभा राहिला, हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "चाचाजी, कहाँ की तैयारी है?" अब्बा जागच्या जागी वळले. लिफ्ट, वर, चपला, पाणी, टेकणं. पुन्हा खाली. वॉचमनला वाटलं काहीतरी विसरले असतील. काळजीने त्याने विचारलं, "सब खैरियत? कहाँ जा रहे थे आप?" पुन्हा वर. तिसऱ्या फेरीला मी आधी खाली गेले आणि वॉचमनला हात जोडून सांगितलं की भाऊ, एक अक्षर बोलू नकोस. तो बिचारा इतका घाबरला की पुढचे काही दिवस त्याने आम्हाला सलामसुद्धा केला नाही.

वॉचमन सुधारला तर चेकपोस्ट. तिथल्या पोलिसाने काच खाली करायला लावली, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बघितला, हसून म्हणाला, "वेन, या हज्जी?" म्हणजे कुठं, हाजीसाहेब. अब्बांना अरबी येत नाही, पण हा एक शब्द ते विमानतळावरच शिकले होते. "गाडी फिरव," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "अब्बा, तो पोलीस आहे, त्याचं कामच आहे विचारायचं." अब्बा म्हणाले, "आणि माझं काम आहे फिरायचं." गाडी फिरली. घरी येऊन पाणी पिऊन पुन्हा निघेपर्यंत सूर्य बुडून मगरीबची अजान झाली. त्यानंतर आम्ही लांबच्या रस्त्याने जायला लागलो, तर एकदा मागच्या सीटवरून लेकीने कानातली वायर काढून विचारलं, "व्हेअर आर वी गोइंग?" मी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी पुढच्या शनिवारपर्यंत गाडीत तोंड उघडायला तयार नव्हती. नवऱ्याच्या फोनवरचा नकाशाही उघडल्या उघडल्या कुठे जायचं तेच विचारतो, पण इंग्रजीत लिहून विचारतो, आणि अब्बांचा चष्मा लांबचा आहे. ते आम्ही अल्लाच्या मेहेरबानीवर सोडलं.

एवढं करून किनाऱ्यावर पोहोचलं की तिथे जत्रा. गळ टाकायला मोकळा ठेवलेला किनारा म्हणजे खडकांचा एक आखूड दांडा, आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर अर्धी दुनिया. दांड्याच्या टोकाला फिलिपिनो पोरं, त्यांच्याकडे पंख्याच्या पात्यासारखे चमकणारे रॉड. त्यांच्यामागे मिसरी, म्हणजे इजिप्तची, मंडळी, खुर्च्या, चहाचा थर्मास, तीन पिढ्या. मध्ये केरळी गट, सगळ्यांना सल्ले देणारा. बांगलादेशी दोघं कायम एकमेकांची दोरी सोडवत बसलेले. प्रत्येक जण जमेल तितक्या लांब गळ भिरकावणार. कोणाचा गळ कोणाच्या टोपीत, कोणाचा रॉड कोणाच्या खांद्यावर. आणि त्या सगळ्यांच्या खाली पाण्यात मासे. त्या माशांनी आयुष्यात इतक्या गऱ्या बघितलेल्या की त्यांची पिल्लंसुद्धा आमिष कुरतडून खातात आणि गरी चाटून-पुसून परत पाठवतात.

अब्बांकडे रॉड नाही. नवऱ्याने घ्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, "काठी म्हणजे बंदूक. लांबून मारायचं, त्यात मर्दुमकी कसली? मासा दोरीला हात लावतो तेव्हा तो माझ्या बोटाला लागला पाहिजे." तर्जनीवरून दोरी सोडायची, डोळे अर्धे मिटायचे आणि वाट बघायची. फार सुंदर दिसायचं ते. पण दांड्यावर जागा मिळायची ती दोन रॉडच्या मधली, आणि अब्बांची दोरी पाण्यात गेली की कोणीतरी तिच्यावरून आपली तार टाकायचाच. "सॉरी अंकल" ऐकून ऐकून अब्बांना तेवढं इंग्रजी पाठ झालं. मोठ्या दुकानातली बर्फाची कोलंबी आमिषाला नेली तर म्हणाले, "ही मीच खात नाही, मासा कशाला खाईल?" मग खडकाच्या फटीतून बारीक कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वेचायचा कार्यक्रम. तो माझ्याकडे. आठवडाभर पेशंटच्या शिरा शोधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी कुर्ल्या.

एकही मासा लागला नाही. सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या. अब्बा रिकाम्या हाताने घरी यायचे आणि भरपूर जेवायचे, मजेत असायचे. मी मात्र झुरायला लागले. आता माझं मन त्या दोरीला बांधलेलं. दवाखान्यात वाऱ्याची चौकशी करणारी मी एकटीच नर्स असेन. नवरा म्हणाला, "अगं, नाहीतर नाही. अब्बांची मर्जी." मी म्हटलं, "तुझे वडील आहेत ना? मग जरा कुर्ल्या वेच."

तिकिटाच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी सगळं नीट जमून आलं होतं. वॉचमनने तोंडावर हात ठेवला होता. चेकपोस्टवर कोणी अडवलं नाही. लेकीने गाडीत हूं की चूं केलं नाही. किनाऱ्यावर गाडी लावली, अब्बा उतरले, दांड्याकडे पहिलं पाऊल टाकलं, आणि बाजूच्या गाडीला टेकून उभा असलेला किनारा रक्षकांचा तरुण शिपाई मनापासून हसला. म्हणाला, "वेन, या अम्मी?" म्हणजे कुठं, काका.

अब्बा थांबले.

"गाडी काढ," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "नाही." इतक्या वर्षांत मी त्याला बापाला नाही म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. "आज शेवटचा दिवस आहे. मी फिरणार नाही. दर्या समोर आहे, अब्बा, चार पावलांवर!"

"चार पावलं असोत की चारशे कोस," अब्बा म्हणाले. "तोंडातून शब्द निघाला, खलास."

"मग बसा इथेच!" असं ओरडून नवरा तरातरा दांड्याच्या टोकाला गेला आणि पाठ करून उभा राहिला. बाप तसा बेटा. लेक त्याच्यामागे गेली. अब्बा खरंच तिथेच बसले.

तिथे म्हणजे पार्किंगला लागून पाण्यात उतरणाऱ्या दोन-तीन पायऱ्या आहेत, तिथे. लोक जाताना त्या पायऱ्यांवर मासे साफ करतात, हात धुतात, डब्यातला उरलेला भात फेकतात. वास येतो, मांजरं फिरतात, कोणी तिथे थांबत नाही. मी गाडीतून पाण्याची बाटली आणली. अब्बांनी चपला काढल्या, घोटभर प्यायले, टेकले. मी म्हटलं, "चला आता, नव्याने निघा." ते म्हणाले, "उंबरा कुठाय? उंबऱ्याशिवाय होत नाही." आणि रागाच्या भरात दोरी उलगडून, कुर्ली लावून, पायऱ्यांच्या कडेला अगदी पायाशी सोडून दिली. भिरकावलीसुद्धा नाही. मला इतका संताप आला की मी त्यांच्या शेजारी बसले आणि पाण्याकडे न बघता मांजरांकडे बघत राहिले. मनात म्हटलं, जा बाबा, जा. चहा-बिस्किटं खा.

मग त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं. बघते तर दोरी ताठ.

अब्बांनी एक झटका दिला, आणि पाणी असं उसळलं की मांजरं पळाली. मासा खाली खडकात शिरायला बघत होता. अब्बा दोरी सोडत, ओढत, सोडत, ओढत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. दुवा होती की शिव्या, मला कळलं नाही. बोट कापलं, रक्त दोरीवरून वाहायला लागलं. "धर गो, धर!" ते म्हणाले आणि दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली. मला काही येत नव्हतं, ते मागून सांगत होते, "आता सोड. आता ओढ. मेल्ये, रडतेस काय, ओढ!" मासा वर आला तेव्हा मी बुटांसकट दोन पायऱ्या उतरले आणि त्याच्या कल्ल्यात बोटं घालून त्याला वर काढलं. तांबोशी. चांगली माझ्या हाताएवढी, लालबुंद. सगळी दुनिया लांब लांब गळ टाकत होती आणि ही शहाणी इथे पायऱ्यांखाली बसून आयता भात खात होती.

मग काय विचारता! दांड्यावरची सगळी जत्रा पायऱ्यांवर आली. माशाअल्ला, माशाअल्ला. मिसरी आजोबांनी अब्बांच्या कपाळाचा मुका घेतला. शिपायाने फोटो काढले. नवरा आला, बापाचं बोट हातात धरलं आणि रुमाल बांधत राहिला. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. राहणार, अब्बा राहणार. परतताना गाडीत मी त्यांच्यासाठी खोलीतलं कपाट रिकामं करायचा हिशेबसुद्धा मांडला.

इमारतीत मी पुढे गेले, कुलूप काढलं, दिवा लावला, स्वयंपाकघरात मसाला काढायला लागले. अब्बा मागून मासा घेऊन येत होते. दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेरूनच, खणखणीत आवाजात त्यांनी हाक दिली, "अगो, परात आण! बघ काय आणलंय!"

अशी हाक मी गावाकडे कितीदा ऐकली होती. अब्बा आवाराच्या फाटकातून ओरडायचे, आणि अम्मा आतून "आले, आले, मोठे आणलेत ते" म्हणत परात घेऊन धावायच्या. ते मला कधीच अगो म्हणत नाहीत. मी पोरी, नाहीतर नुसतं गो.

मी परात घेऊन बाहेर आले. अब्बा मासा हातात लोंबकळत धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. चेहऱ्यावरून सगळा आनंद ओसरून गेला. "हां, तू," एवढंच म्हणाले, आणि मासा परातीत ठेवला.

मी तांबोशी साफ केली. तुकडे तळले, डोक्याचं कालवण केलं. हात चालत होते आणि मला समजत होतं की मी त्या माणसाला पैजेत जिंकून आणलंय. मासा दर्याने दिला होता. पण ज्या दाराशी तो घेऊन यायचा, ते दार इथे नव्हतं. रिकामं असलं तरी ते तिकडेच होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, अम्मांचा, अब्बांचा, त्या मेल्या तांबोशीचा.

जेवायला बसल्यावर नवरा खुशीत म्हणाला, "अब्बा, उद्याच व्हिसा वाढवायला टाकतो."

"टाक," अब्बा म्हणाले. "जबान दिलीय मी." इंजेक्शनसाठी दंड पुढे करणारे पेशंट मी रोज बघते. तसंच तोंड.

मी म्हटलं, "कसला व्हिसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अट काय होती? तुमची दोरी, तुमचा हात. दोरी तुमची होती, कबूल. ओढला कोणी? पाण्यातून वर कोणी काढला? कल्ल्यात बोटं कोणाची होती?" मी खरचटलेली बोटं ताटावर धरली. "हा मासा माझ्या हातचा, अब्बा. तुमचा धरता येणार नाही. अट म्हणजे अट."

नवऱ्याचा घास हातात राहिला. लेक म्हणाली, "मम्मा, दॅट्स चीटिंग." मी म्हटलं, "तू जेव."

अब्बा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं, त्यांनी भांडावं. म्हणावं, मूर्ख आहेस, मासा माझा. एकदा जरी म्हणाले असते तरी मी गप्प बसले असते, आणि सकाळी स्वतः जाऊन व्हिसा वाढवून आणला असता. त्यांनी माझी खरचटलेली बोटं बघितली.

"खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या हातचा."

आणि त्यांनी कालवणाच्या भांड्यातून तांबोशीचं डोकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. "ज्याचा मासा, त्याचं डोकं."

मला माशाचं डोकं खाता येत नाही. माहेरी खाल्लं नाही, सासरी खाल्लं नाही, नुसते डोळे दिसले तरी मी ताट सरकवते, आणि हे अब्बांना पक्कं ठाऊक आहे. मी डोळ्यांपासून सुरुवात केली. ते समोर बसून बघत होते. गाल खाल्ले, कल्ल्याकडचं मांस खाल्लं, हाडं चोखली. ताटात काही शिल्लक ठेवलं नाही.

मग अब्बांनी मुलाकडे वळून विचारलं, विमान सकाळचं आहे की संध्याकाळचं.